ग्रोव्हिआन ४२० तास चालून भंगारात गेली, मग पवनचक्कीवरच्या सरकारी संशोधनाचा पैसा नक्की कुठे मुरला?

वारंवार_वारा:
नमस्कार मंडळी. एमटेकच्या पहिल्या वर्षाला आहे, सेमिनारला विषय घेतलाय पवनचक्क्यांवर सरकारी पैशातून झालेलं संशोधन. घेताना वाटलं सोपं आहे, पंधरा स्लाइड मारू आणि मोकळे होऊ, पण वाचायला बसलो आणि जिथे बघावं तिथे सरकारी मशीन आडवीच पडलेली. जर्मनीची ग्रोव्हिआन घ्या, केंद्राच्या संशोधन खात्याचा पैसा, १९८३ ला उत्तर समुद्राच्या काठाला कायझर-विल्हेल्म-कोग म्हणून गाव आहे तिथे उभी केली, ३ मेगावॅट, दोनच पाती, रोटरचा, म्हणजे पात्यांच्या चक्राचा व्यास १०० मीटर आणि हबही (पाती जोडलेला मधला भाग) जवळपास तेवढ्याच उंचीवर. त्या काळात राक्षसच म्हणायचा. हबच्या भागात तडे गेले, दुरुस्त्या झाल्या, परत तडे, १९८७ ला बंद आणि पुढच्या वर्षी तोडली. चार वर्षांत चालली किती, तर साधारण ४२० तास. म्हणजे साडेसतरा दिवस! आकडा पण कसला, चारशेवीस.

अमेरिकेत नासाने १९७५ ला ओहायोत १०० किलोवॅटची मॉड-० उभारली, मग मॉड-१, मॉड-२ असं करत ३.२ मेगावॅटच्या मॉड-५बी पर्यंत गेले, आज त्यातलं एकही उभं नाही. आणि बाजार मारला कोणी, तर डेन्मार्कच्या शेतीची अवजारं आणि टँकर बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांनी, छोट्या छोट्या तीन पात्यांच्या मशिनी विकून. मग मी सेमिनारच्या शेवटी काय लिहू, की सरकारने यात पडायला नको होतं? गाइड म्हणतात 'तुझं मत मांड', पण माझं मतच होत नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खिशाला_चाट:
उत्तर तुम्हीच दिलंय की. लोहार जिंकले, डॉक्टरेटवाले हरले. सरकारला मोठं काहीतरी करून फीत कापायची असते, मशीन चाललं काय न चाललं काय.

उत्तरवारा:
डेन्मार्कमध्ये चौदा वर्षं आहे, पात्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, त्यामुळे ही लोहारांची गोष्ट दर सहा महिन्यांनी कोणीतरी मला ऐकवतंच :) गोष्ट खोटी नाही पण अर्धी आहे.

त्या लोहारांसमोर नमुना कुठला होता? गेड्सरची चक्की. योहानेस यूल नावाचा वीज कंपनीतला इंजिनियर, १९५७ ला त्याने २०० किलोवॅटचं मशीन उभं केलं, २४ मीटर व्यास, तीन पाती, साधा असिंक्रोनस जनरेटर आणि वेग फार वाढला तर पात्यांची टोकंच वळून ब्रेक लागायचा. ते १९६७ पर्यंत फारशी कटकट न करता चाललं. त्याला मार्शल प्लॅनचा, म्हणजे युद्धानंतर अमेरिकेने युरोपला केलेल्या मदतीचा पैसा होता, म्हणजे सरकारीच की. आणि गंमत म्हणजे तेलाचा भाव भडकल्यावर १९७७ च्या सुमारास हीच चक्की परत चालू करून तिच्यावर मोजमापं घेतली, त्यात अमेरिकेचाही पैसा होता. म्हणजे नासावाले पण तिच्याकडे बघत होते, फक्त बघून घरी जाऊन वेगळंच काहीतरी बांधलं.

आता मुख्य गोष्ट. रिसो म्हणून रोस्किल्डजवळ अणुसंशोधनाचं सरकारी केंद्र होतं, तिथे १९७८ ला पवनचक्क्यांचं टेस्ट स्टेशन निघालं. पुढच्या वर्षी सरकारने चक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान द्यायला सुरुवात केली, पण अट अशी की मशीन रिसोने पास केलेलं पाहिजे. झालं, आता प्रत्येक वर्कशॉपवाल्याला आपलं मशीन घेऊन रिसोच्या दारात उभं राहणं आलं. तिथले इंजिनियर काय करायचे, तर लोड मोजायचे, गणित तपासायचे आणि सांगायचे की बाबा तुझा शाफ्ट बारीक आहे, आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक असल्याशिवाय शिक्का मिळणार नाही. एक फेल झाला तरी दुसऱ्याने थांबलं पाहिजे. ऐकायला कंटाळवाणं आहे, फीत कापण्यासारखं तर काहीच नाही त्यात. पण पुढे अख्खा धंदा उभा राहिला तो या शिक्क्याच्या भरवशावर.

जाता जाता, इथे पण सरकारी पैशातून मोठ्या मशिनी झाल्याच, नीबेला ६३० किलोवॅटच्या दोन. त्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही. म्हणजे तोच देश, तोच खजिना.

अर्धवट_पीएचडी:
ताईंशी सहमत, पण राक्षस मशिनींना एकदम भंगारात काढू नका, त्यातलं काय काय पुढे वापरलं गेलं ते बघा.

मॉड-० च्या लोखंडी जाळीच्या टॉवरमध्ये जिना होता. पाती टॉवरच्या मागच्या बाजूला, म्हणजे वारा आधी टॉवरमधून गाळून येणार आणि मग पात्याला भेटणार. पातं प्रत्येक फेरीत त्या आडोशातून जाताना असा काही हिसका बसायचा की हिशोबातले लोड चुकले. शेवटी जिना काढला. मग १९७९ ला नॉर्थ कॅरोलिनात बून गावाच्या डोंगरावर २ मेगावॅटची मॉड-१ लावली, पाती परत टॉवरच्या मागेच, आणि खालच्या घरांमध्ये धप धप आवाज जायला लागला, लोक वैतागले. त्यावर सरकारी खर्चानेच आवाजाचा अभ्यास झाला आणि कळलं की हा तोच आडोशातला हिसका आहे, फक्त आता कानाला ऐकू येतोय. मॉड-२ ला पाती टॉवरच्या पुढे आली. आज जवळपास कुठलीही मोठी पवनचक्की बघा, पाती पुढेच असतात. गेड्सरची पण पुढेच होती, म्हणजे यूलला ते आधीच जमलं होतं हे मान्य, पण का जमलं होतं हे आकड्यांत मांडायला बूनच्या लोकांची झोप मोडावी लागली.

आणि ग्रोव्हिआनबद्दल एक गोष्ट तुमच्या स्लाइडमध्ये नसणार. तडे गेले ते लोखंडात. तिचा जनरेटर बघा कुठला होता, डबली फेड इंडक्शन, जनरेटरच्या रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) सायक्लोकन्व्हर्टर, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारं सर्किट जोडलेलं, फेऱ्यांचा वेग साधारण १५ टक्के वरखाली होऊ शकायचा. १९८३ मध्ये!

पठारावरचा:
थांबा थांबा, काय सांगताय, हे तर आमचंच मशीन की!

मी साताऱ्याचा, चाळकेवाडी वनकुसवडे पट्ट्यात २००३ पासून मेंटेनन्सला होतो, नंतर धुळ्याकडे साक्रीला गेलो. ग्रोव्हिआन हे नाव आज पहिल्यांदा वाचतोय खरं सांगायचं तर. पण डबली फेड म्हणजे आमच्या डोक्यावर रोज बसलेलं भूत. पोरा तुला सेमिनारला कोणी विचारलं तर पुस्तकातलं सांगू नको, हे सांग.

जुन्या मशिनींचा वेग फिक्स. जनरेटर थेट ग्रिडला बांधलेला, ग्रिड ५० हर्ट्झवर तर तो पण जागचा हलणार नाही, स्लिपपुरतं, म्हणजे ग्रिडच्या वेगापेक्षा किंचित पुढे पळायला, काय ते एखाद टक्का. पठारावर आषाढात वारा कसा येतो, सरळ येतच नाही, धक्के मारत येतो. आता पाती जोरात ढकलली जातायत आणि मागे जनरेटर हलायला तयार नाही, मधे कोण सापडलं? गिअरबॉक्स. कण्हायचा अक्षरशः. आम्ही खाली गाडीत बसून आवाजावरून सांगायचो आज कुठल्या नंबरला चढावं लागणार. वर तो जनरेटर ग्रिडमधूनच रिअॅक्टिव्ह पॉवर (चुंबकत्व उभं करायला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी वीज) ओढणार, म्हणून खाली कपॅसिटर बँक, आणि विजा झाल्या की ते कपॅसिटर फुगलेले.

डबली फेडमध्ये स्टेटर (जनरेटरचा न फिरणारा भाग) थेट ग्रिडला आणि रोटर स्लिप रिंगमधून कन्व्हर्टरला. धक्का आला की रोटर जरा जोरात फिरतो, ती एनर्जी फिरण्यात साठते आणि नंतर सावकाश बाहेर पडते, गिअरबॉक्सला श्वास मिळतो. आणि कन्व्हर्टर सगळ्या पॉवरचा लागत नाही, एक तृतीयांशाच्या आसपास भागतं, म्हणून स्वस्त. मालक खूष. आम्ही नाही, कारण स्लिप रिंगचे कार्बन ब्रश झिजतात आणि ती काळी पूड नॅसेलभर, म्हणजे टॉवरवरच्या त्या खोक्यात सगळीकडे. नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवर पण. घरी आलो की बायको आधी बाथरूमला पाठवायची, मग चहा.

तर ही गोष्ट जर्मनांनी त्या पडक्या मशीनमध्ये चाळीस वर्षांपूर्वी करून बघितली होती हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसलो.

खिशाला_चाट:
काका, भाकरीवरची पूड मान्य. पण हे कंपन्यांनी त्यांच्या पैशाने केलं असतंच की कधी ना कधी. माझ्या टॅक्समधून कशाला?

अर्धवट_पीएचडी:
केलंही असतं. पण फसल्यावर सांगितलं असतं का? कंपनीचं मशीन फुटलं तर अहवाल कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप. ग्रोव्हिआन का फुटली, बूनला आवाज का आला, हे आज कराडच्या नाहीतर नांदेडच्या पोराला फुकट वाचायला मिळतंय ना.

अजून एक उदाहरण देतो, हे मला फार आवडतं. २००० साली अमेरिकेच्या एनआरईएलने (अक्षय ऊर्जेची सरकारी प्रयोगशाळा) १० मीटर व्यासाची दोन पात्यांची चक्की नासाच्या एम्स केंद्रातल्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवली, बोगदा म्हणजे २४ मीटर उंच आणि ३६ मीटर रुंद, अख्खी चक्की आत. पात्यावर हवेचा दाब मोजायची भोकं, बाहेरच्या वाऱ्याची कसलीही भानगड नाही. मग जगभरातल्या तज्ज्ञांना सांगितलं की आम्ही मोजलेले आकडे दाखवणार नाही, तुम्ही तुमच्या सॉफ्टवेअरने काढून पाठवा. आले आकडे. वारा समोरून, हळू, पातं स्टॉलमध्ये नाही (हवा पात्यावरून सुटत नाहीये), म्हणजे परीक्षेतला सगळ्यात सोपा प्रश्न, त्यातसुद्धा पॉवरची उत्तरं खऱ्याच्या २५ टक्क्यांपासून १७५ टक्क्यांपर्यंत पसरलेली! विचार करा, याच प्रोग्रामांवर लोक पाती डिझाइन करत होते. कुठली कंपनी स्वतःच्या खर्चाने असा जाहीर पोपट करून घेईल? पण तो झाला म्हणून नंतर सगळ्यांचे कोड सुधारले.

आणि वारंवार_वारा, तू प्रोजेक्टला ओपनफास्ट, ते चक्कीचं गणित करणारं सॉफ्टवेअर, वापरणारेस ना? तो कोड एनआरईएलचा, फुकट. त्याच्याबरोबर बहुतेक सगळे वापरतात ते ५ मेगावॅटचं रेफरन्स मशीन, १२६ मीटर रोटर, ९० मीटर हब, २००९ चा अहवाल. ते कुठेच उभं नाही, फक्त कागदावर आहे. आणि प्रत्यक्षातल्या कितीतरी चक्क्यांपेक्षा त्याच्यावर जास्त पेपर निघालेत.

सिमला_ऑफिस:
जर्मनी अमेरिका झालं असेल तर जरा पुण्यात शिवाजीनगरला या. अॅना मणी या हवामानशास्त्रज्ञ बाईंचं नाव या धाग्यावर अजून आलं नाही म्हणून लिहितो. १९४८ ला त्या पुण्याच्या वेधशाळेत उपकरणांच्या विभागात आल्या, जे यंत्र बाहेरून यायचं ते इथे बनवायला आणि मुख्य म्हणजे नीट कॅलिब्रेट करायला लावलं. निवृत्तीनंतर बंगळुरूला बसून देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदी गोळा केल्या, आणि १९८३ मध्ये मुळे यांच्याबरोबर भारताच्या पवनऊर्जेच्या नोंदींचा ग्रंथ काढला. पुढची सरकारी मोजणी, मनोरे उभारून, त्याच वाटेने गेली.

ह्यात कसलं इंजिनियरिंग असं वाटत असेल तर गणित करा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनात जाते. ६ चा घन २१६, ७ चा ३४३. म्हणजे सेकंदाला एक मीटरचा फरक आणि शक्ती जवळजवळ ५९ टक्के जास्त. (अवांतर: बेट्झची मर्यादा, म्हणजे चक्की वाऱ्यातली जास्तीत जास्त जेवढी शक्ती काढू शकते ती, पण ५९.३ टक्के, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पोरं परीक्षेत घोळ घालतात.) तुमचा अॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र) १० टक्के जास्त दाखवत असेल तर शक्तीचा हिशोब ३३ टक्के फुगला आणि बँकेचं कर्ज बुडालं. जनरेटर कितीही डबली फेड असू दे.

खिशाला_चाट:
बरं, हे मला पटलं. वारा मोजायचा खर्च सरकारने करावा, मान्य. राक्षसांचं अजून नाही. आपल्याकडे मग पुढे काय झालं? इथे कोणी टेस्ट करतं का, की सगळा माल बाहेरचाच?

उत्तरवारा:
करतात की. १९९८ ला चेन्नईला केंद्र सरकारने संस्था काढली, तेव्हा नाव सी-वेट, आता एनआयडब्ल्यूई. तमिळनाडूतच कायथारला टेस्ट स्टेशन. त्याला डेन्मार्कची मदत होती, रिसोवाल्यांचा हात होता, आणि २०१० चा भारताचा विंड अॅटलास पण दोघांनी मिळून केला. म्हणजे जो शिक्का इथल्या लोहारांना लागला तो फिरत फिरत तिकडे गेला.

पठारावरचा:
देवगडच्या कड्यावर पण ८६ च्या सुमारास सरकारी नमुना म्हणून लावल्या होत्या ५५ किलोवॅटच्या. मी पाहिल्या तेव्हा खाऱ्या वाऱ्याने बोल्ट असे गंजलेले की पाना लागायचा नाही, ग्राइंडरच. त्यातून एवढं तरी कळलं की किनाऱ्याला गॅल्व्हनाइझिंगवर पैसे वाचवायचे नाहीत.

वारंवार_वारा:
सगळ्यांना दंडवत, वाचनखूण साठवलीये. सेमिनारचं शीर्षकच बदलतोय, ग्रोव्हिआनची स्लाइड एकावरून तीन झाली, तडे एका बाजूला आणि जनरेटर दुसऱ्या बाजूला. ताई, रिसोच्या ब्रेकच्या अटीवर काही वाचायला इंग्रजीत मिळेल का? आणि काका, एखादी डबली फेड आतून बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं, फोटो काढून स्लाइडमध्ये टाकला असता.

पठारावरचा:
ये की. पण आत्ता नको, आत्ता वर धुकं आणि मशिनी फुल लोडवर, कोणी चढू देणार नाही. दिवाळीनंतर वारा पडला की सर्व्हिसिंग सुरू होतं, तेव्हा ये, आमच्यातली दोन पोरं अजून तिथेच आहेत, सांगून ठेवतो. परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर आण, बूट चांगले घाल, आणि पांढरा शर्ट घालून येऊ नको.

उत्तरवारा:
@वारंवार_वारा, व्यक्तिगत निरोप केलाय.