मदत हवी आहे : बार्शी-परांडा-भूम भागातले कॅन्सरचे आकडे

परांड्यातल्या बचत गटांसाठी कॅन्सरचं माहितीपत्रक करतेय. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी (या भागातल्या गावांमधल्या कॅन्सरच्या रुग्णांची आणि मृत्यूंची नोंद ठेवणारं काम) १९८७ पासून चालू आहे, म्हणजे आपल्याच गावांची माहिती हाताशी आहे. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर तिथे वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर राहिलाय, आणि तो वेळेत सापडला तर बरा होतो! हे बायकांपर्यंत पोचायलाच हवं.

स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे, दर लाखामागचे नवे रुग्ण आणि मृत्यू यांचे ताजे दर कुठे मिळतील? मुंबईशी तुलना करायची तर वयानुसार समायोजित दरच (म्हणजे दोन्हीकडच्या लोकांच्या वयातला फरक वजा करून काढलेले) घ्यायचे ना? मृत्यूंचं कोडं सुटत नाही. तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'वृद्धापकाळ' लिहिलेलं मी पाहिलंय. असे मृत्यू नोंदणीत कसे धरतात? कुणी तिथे काम केलं असेल तर कृपया सांगा.