वजनकाटा कोडमध्ये बनत नाही

जुना काटेवाला
परवा इथे 'नॅनोव्होल्ट' यांनी लिहिलं : "लोडसेल म्हणजे शेवटी चार रेझिस्टन्सचा ब्रिज. लॅमिंग्टन रोडवरून 24 बिटचा एचएक्स711 आणा, चार सेल समांतर जोडा, बाकी सगळं कोडमध्ये होतं. काटेवाले उगाच बाऊ करतात." (लोडसेल म्हणजे प्लेटखालचा धातूचा तुकडा, भाराने ताणला की त्यावर चिकटवलेल्या गेजचा रेझिस्टन्स बदलतो. एचएक्स711 ही त्यातून निघणारा बारीक व्होल्टेज आकड्यात बदलणारी चिप.) दोन दिवस ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

साकीनाक्याच्या गाळ्यात 27 वर्षं प्लॅटफॉर्म काटे बनवतोय. साधा हिशेब बघा. सेल 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, पुरवठा 5 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भाराला हातात येतात 10 मिलिव्होल्ट. काट्याला दाखवायचे असतात तसे त्याचे 3000 भाग केले की एका भागाला 3.3 मायक्रोव्होल्ट. एवढं मोजणं चिपला जमतं, मान्य. पण चिपला वजन कळत नाही. गेजखालचं पोलाद किती ताणलं गेलं, एवढंच तिला कळतं. प्लेटखाली खडा अडकला की भाराचा काही हिस्सा खड्यातून थेट जमिनीत जातो. जो भार सेलपर्यंत पोचलाच नाही, तो कोड कुठून आणणार?

गेल्या उन्हाळ्यात तळोज्याच्या एका कारखान्यातून 500 किलोचा काटा आला. सकाळी बरोबर, दुपारी वेगळंच दाखवायचा, वजन चढवताना एक आणि उतरवताना दुसरं. तिघांनी आधी इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा, बदलून पाहिला होता. मी प्लेट उचलली, तर फॅब्रिकेटरने चारही सेल वरून-खालून बोल्टने आवळलेले. दीड मीटरची पोलादी प्लेट 20 अंशांनी तापली की साधारण 0.35 मिलिमीटर वाढते. तिला सरकायला जागाच नव्हती, ती सेलला आडवी ढकलत होती. वरचे बोल्ट काढून प्लेट लोडबटणावर (सेलवरच्या गोल टेकूवर) मोकळी टेकवली, बाजूंना दोन मिलिमीटर फट ठेवून स्टॉपर लावले. कोडची एक ओळ न बदलता काटा बरोबर चालू झाला.

नॅनोव्होल्ट
प्लेट कशीही ठोका असं मी कुठे लिहिलं? जे लिहिलं नाही त्याला उत्तर देताय. या चिपचा गोंगाट, म्हणजे आकड्याची उगाच होणारी थरथर, सेकंदाला 10 रीडिंग घेताना 50 नॅनोव्होल्टच्या आसपास असतो. तुमच्याच 3.3 मायक्रोव्होल्टशी ताडून बघा, एका भागाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत आरामात दिसतं.

आणि कोपरे जुळवायला, म्हणजे वजन कुठल्याही कोपऱ्यावर ठेवलं तरी आकडा तोच यावा म्हणून, तुम्ही लोक वायरी जुळतात त्या जंक्शन बॉक्समध्ये ट्रिमपॉट (फिरवून बदलायचे छोटे रेझिस्टन्स) लावता. पहिल्या पावसात त्या पॉटला गंज चढतो आणि कोपरा हलतो. मी प्रत्येक सेलला वेगळी चिप लावतो. कोपरे आकड्यांनी जुळतात, आणि कुठला सेल मेला तेही स्क्रीनवर दिसतं. चार सेल समांतर असले तर तुम्हाला एकेक वायर सोडवत तासभर बसावं लागतं.

जुना काटेवाला
"चार सेल समांतर जोडा" हे तुमचेच शब्द आहेत, वर जसेच्या तसे दिलेत. आता म्हणता वेगळी चिप लावतो! वेगळी चिप चांगलीच, ट्रिमपॉटचं दुखणं मलाही माहीत आहे. एवढ्यापुरतं तुमचं खरं. पण चारही सेल तिरके बसले असतील तर चार चिपा चार वेळा चुकीचंच सांगतील.

क्यूसी_अंधेरी
मधेच बोलतो. आमच्याकडे हॉपरचे (माल ओतायच्या मोठ्या टाकीचे) तीन सेल एका दुपारी गेले. वेल्डरने अर्थचा क्लॅम्प खालच्या चौकटीला लावला आणि वेल्ड मारला वरच्या पत्र्याला. सगळा करंट सेलमधून गेला. सेलच्या बाजूने जाड तांब्याची पट्टी टाकली असती तर वाचले असते. दिसायला क्षुल्लक पट्टी, पण ड्रॉइंगमध्येच नव्हती. डिझाइन करणाऱ्याने वेल्डर, मुकादम, पावसाळा, सगळ्यांचा विचार आधी करायचा असतो.

अजून एक. दिल्लीला कॅलिब्रेट केलेला काटा मुंबईत तसाच वापरू नका. गुरुत्वाकर्षण इथे थोडं कमी आहे. 500 किलोला अडीचशे-तीनशे ग्रॅम कमी दाखवतो. जागेवर वजनं ठेवूनच कॅलिब्रेट करा.

ससूनची लेक
तुम्ही मायक्रोव्होल्टवर भांडताय, माझा प्रश्न साधा आहे. माझी आई ससून डॉकला कोळंबी सोलते. मजुरी सोललेल्या मालाच्या किलोवर. काटा 15 किलोपर्यंतचा, 5-5 ग्रॅमने मोजणारा, वर स्टीलचं सपाट ताट, चारी बाजूंनी वर वळलेली कड. मुकादम ताटावर तांब्याभर पाणी ओतून हात फिरवतो. थोडं पाणी आत राहतं, तो झिरोचं बटण दाबतो. मग आईचं घमेलं ठेवलं की ते पाणी कडेवरून सांडतं. घमेलं उचललं की आकडा शून्यावर येत नाही, उणे 60 येतो. परत बटण, परत शून्य. दिवसातून आठ-दहा वेळा हेच. आईला वाटायचं काटा जुना झालाय. तुमच्यातला कोणी सांगेल का हे काय आहे?

लिलाववाला
झालं, आता सगळे मासळीवाले चोर! भाऊच्या धक्क्यावर 15 वर्षं लिलाव करतोय. 40 किलोच्या क्रेटमध्ये बर्फाचं पाणी किती, ते कोण मोजतं? तो भुर्दंड आम्हीच भरतो. काट्यावर शिक्का आहे, दर वर्षी निरीक्षक तपासतो.

ससूनची लेक
दादा, मी तुमचं नाव घेतलं नाही, कुणाचंच घेतलं नाही. आईचे 60 ग्रॅम दहा वेळा गेले की 600 ग्रॅम होतात. सकाळी चारला उठून जाते ती. तुमच्या बर्फाच्या पाण्याशी तिचा काय संबंध?

नॅनोव्होल्ट
ताई, काटा खोटं सांगत नाही. शून्य धरलं तेव्हा 60 ग्रॅम पाणी ताटावर होतं, ते मोजताना सांडलं, तेवढं वजन कमी दिसलं. शिक्क्याची तपासणी कोरड्या ताटावर होते, त्यात हे सापडणारच नाही. झिरो ट्रॅकिंगचाही (काटा आपोआप शून्य धरून ठेवतो त्याचाही) इलाज नाही, ते फक्त शून्याजवळ हळूहळू दुरुस्ती करतं, नियमाने सेकंदाला अर्ध्या भागाहून जास्त नाही, आणि वर माल असताना तर नाहीच.

हे मात्र कोडनेच पकडता येतं. माल उचलल्यावर उणे आकडा आला तर आधीचं वजन बाद. परत मोजल्याशिवाय झिरोचं बटण चालूच द्यायचं नाही.

जुना काटेवाला
ताटाला कडच कशाला? पाणी साठतं ते कडेमुळे. कड काढा, ताटाला थोडा उतार द्या, भोकं पाडा आणि खाली पन्हळ द्या म्हणजे ते सेलवर टपकणार नाही. पाणी राहिलंच नाही तर सांडणार काय? 27 वर्षं हेच सांगतोय, आधी लोखंड नीट करा.

नॅनोव्होल्ट
आणि मुकादमाने भोकांखाली प्लास्टिक अंथरलं तर? तुमचं लोखंड तिथे काय करणार?

लिलाववाला
अंथरतात. मी पाहिलंय. (मघाशी आवाज चढला, ते सोडून द्या. आमच्याकडे लिलावात क्रेट मोजतात, हा प्रकार तिथे नसतो. पण सोलणाऱ्या बायकांच्या काट्यावर असतो, हे खरं आहे.)

जुना काटेवाला
प्लास्टिकचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. ठीक आहे, उणे आकड्याचं कुलूप तुमच्या कोडमध्ये ठेवा. पण ताट मी करणार, आणि कड असलेलं ताट माझ्या गाळ्यातून बाहेर पडणार नाही. सेल स्टेनलेसचा, वेल्ड करून बंद केलेला घेऊ. डॉकच्या खाऱ्या हवेत नुसत्या सिलिकॉनने झाकलेले गेज टिकत नाहीत. ओल आत शिरली की इन्सुलेशन उतरतं आणि झिरो भटकायला लागतो.

नॅनोव्होल्ट
बंद सेल महाग पडेल. पण इथे तोच लागेल, यावर वाद नाही.

ससूनची लेक
दोघांनाही एक सांगते. आजवर त्या काट्याचा आकडा आईला समोरून दिसलेला नाही. डिस्प्लेचं तोंड मुकादमाकडे. ते उणे 60 मी मागून वाकून पाहिलं, म्हणून कळलं.

जुना काटेवाला
मग दोन डिस्प्ले, एक सोलणाऱ्या बाईच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. ताटाचं माप पाठव पोरी.

ससूनची लेक
30 बाय 25 सेंटिमीटर. कड अगदी बुटकी. बायका जमिनीवर बसून सोलतात, डोळ्यांची उंची त्या हिशेबाने धरा.