आईचा आमवात: सकाळी बोटं वळतच नाहीत, काय करता तुम्ही?

आई ६१ वर्षांची, मागच्या वर्षी रुमेटॉइड निघाला. सकाळी तासभर बोटं आखडलेली, पोळ्या सोडाच, गॅसचं बटणही फिरत नाही. त्यावर मेथोट्रेक्सेटची गोळी चालू होती पण शेजारच्या काकू म्हणाल्या ती कॅन्सरची गोळी, झालं, आईने परस्पर बंद केली!

रविवारची_गोळी: अगं काकूंना चहा पाज आणि घरी पाठव. कॅन्सरला देतात हे खरं पण तिथे डोस कितीतरी मोठा असतो, इथे आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर मात्र जिवावर बेतू शकतं म्हणून मी कॅलेंडरवर खूण करते, ९ वर्षं झाली. फॉलिक अ‍ॅसिड सोबत असतंच, शिवाय डॉक्टर सांगतील तेव्हा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि लिव्हरची टेस्ट, ती चुकवायची नाही.

आखडू_आजी: उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची उघडमीट करते, बरं वाटतं. सांधा लाल, गरम असेल तर शेक नको हं. कणीक आता मुलगा मळतो, पोळ्या वातड होतात पण बोलायची सोय नाही 😄

धागाकर्ती: थँक्यू, उद्याच डॉक्टरांना फोन करते. काकूंचं बघते काय ते.