मदत हवी आहे : पॅडस्टोच्या ‘ममर्स डे’ची जुनी नोंद कुठे मिळेल?

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पॅडस्टो गावात 26 डिसेंबर आणि 1 जानेवारीला लोक तोंडाला काळं फासून, अकॉर्डियन आणि ढोल वाजवत, गाणी म्हणत फिरतात. जमलेले पैसे धर्मादाय कामाला जातात. या दिवसाचं जुनं नाव ‘डार्की डे’; ‘डार्की’ हा कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द. हे वंशद्वेषी आहे असा वाद पेटल्यावर ‘ममर्स डे’ (ममर्स म्हणजे वेष बदलून खेळ करणारे) हे नाव पुढे आलं. 2005 मध्ये पोलिसांनी चित्रीकरण केलं, पण खटला झाला नाही.

समर्थक म्हणतात, ही ओळख लपवायची जुनी रीत आहे, वंशाशी संबंध नाही. पश्चिम कॉर्नवॉलच्या ‘गाइज डान्सिंग’ या हिवाळी लोकनृत्यात वेषांतर होतंच, हे खरं. पण पॅडस्टोत गायलेली गाणी 19व्या शतकातल्या अमेरिकन मिनस्ट्रेल खेळांतली आहेत, म्हणजे गोरे नट तोंड काळं करून करत त्या गाण्या-नाचाच्या खेळांतली, आणि त्या खेळांत कृष्णवर्णीयांची उघड टिंगल होती. म्हणून निव्वळ ‘परंपरा’ हे उत्तर मला पटत नाही.

लोककला अभ्यासगटासाठी टिपण लिहितोय. नेटवरचे लेख आणि बातम्या वाचल्या, सगळे एकमेकांचंच उद्धृत करतात. मॉरिस या इंग्लिश लोकनृत्याच्या संघटनांनी 2020 मध्ये पूर्ण काळा चेहरा बंद करायचं ठरवलं, तेही माहीत आहे. ती माहिती नकोय.

मिनस्ट्रेल खेळ ब्रिटनभर पसरले 1840च्या दशकात. त्याआधीची, खास पॅडस्टोतलीच, चेहरा काळा करण्याची लेखी नोंद कुणाच्या पाहण्यात आहे का? मला तिकडे जाणं शक्य नाही, म्हणून हेही विचारतो: कॉर्नवॉलमधल्या रेडरुथच्या ‘क्रेसेन केर्नो’ अभिलेखागारातून कुणी भारतात स्कॅन मागवले आहेत का, आणि ते कसे?