क्षत्रप नाण्यावरचे वर्ष मागाहून कोरलेले असेल का?

अजिंक्यतारा (सातारा)

सर्व जाणकारांस नमस्कार. अदलाबदलीत माझ्याकडे पश्चिमी क्षत्रपांचे (पश्चिम भारतातल्या प्राचीन शक राजघराण्याचे) एक चांदीचे नाणे आले आहे. वजन २.०५ ग्रॅम असून व्यास साधारण १५ मिलिमीटर आहे. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे राजाचे मुख आहे. मागील बाजूस तीन कमानींचा पर्वत, त्याखाली नदीची नागमोडी रेषा आणि भोवती ब्राह्मी लेख आहे. लेखातील ‘वीरदामपुत्रस’ आणि ‘रुद्रसेनस’ ही अक्षरे निःशंक लागतात, म्हणजे नाणे दुसऱ्या रुद्रसेनाचे ठरते.

अडचण आहे ती मुखामागच्या वर्षाची. तेथे शंभराचे चिन्ह झिजलेले आहे, एककाचे चिन्ह निम्मे नाण्याबाहेर गेले आहे, आणि या दोहोंमधले दशकाचे चिन्ह मात्र अगदी ठसठशीत आहे. ते मला साठाचे वाटते. शिवाय वरच्या कडेजवळ मोहरीएवढा एक भाग आजूबाजूच्या चांदीपेक्षा किंचित करडा दिसतो आणि तेथील अक्षर बुजलेले आहे. नाणे देणाऱ्या गृहस्थांनी ‘दुर्मीळ वर्ष’ म्हणून त्याचे मोल वाढवून सांगितले होते. नाण्यात फेरफार झाला आहे की नाही, हे घरच्या घरी कितपत ठरवता येईल? तूर्त मी त्याला पाणीही लावलेले नाही.

कृष्णाकाठ (कराड)

पाणी लावले नाहीत हे फार बरे केलेत. चिंच, लिंबू, रिठा यांपैकी काहीही आता लावू नका, कारण पुरावा असलाच तर तो त्या वरच्या पुटातच आहे.

आधी काळाचा हिशेब पाहू. ब्राह्मी अंकांत शंभर, साठ, आठ यांना स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे दशकाचे एकच चिन्ह बदलले की वर्ष दशकांनी मागेपुढे सरकते, आणि लबाडी करणाऱ्याला एवढेच काम पुरते. दुसऱ्या रुद्रसेनाची नाणी शक संवताच्या १७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंतची, म्हणजे साधारण इ. स. २५६ ते २७७ या काळातली आहेत. १६० च्या दशकात महाक्षत्रप, म्हणजे या घराण्याचा मुख्य राजा, होता विजयसेन. तेव्हा रुद्रसेनाच्या नावाबरोबर साठाचे चिन्ह आले, तर आपले वाचन चुकले असेल किंवा चिन्हाला कोणाचा तरी हात लागला असेल. तिसरी शक्यता नव्या शोधाची. या राजांचा कालक्रम मुख्यतः त्यांच्या नाण्यांवरूनच लावलेला असल्यामुळे ती अगदीच नाकारता येत नाही. पण झिजलेल्या नाण्यावरच्या एकाच ताज्या चिन्हावर मी तिचा भार टाकणार नाही.

आता भिंगाखाली काय पाहावे ते सांगतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या आणि दिवा वरून न धरता अगदी आडवा, नाण्याच्या पातळीलगत धरा. ठशाच्या घावाने चांदी ठशाच्या खोबणीत चढते, म्हणून मूळ चिन्ह सपाटीवर उठलेले असते आणि त्याची बाजू हळूहळू सपाटीत मिसळते. कोरणीने उमटवलेल्या चिन्हाभोवती मात्र धातू खरवडून काढावा लागतो, त्यामुळे चिन्ह उठून दिसले तरी त्याच्या भोवतीची जमीन उरलेल्या सपाटीपेक्षा खाली गेलेली असते. तेथे एका दिशेने गेलेले बारीक समांतर ओरखडे आणि कोपऱ्यात धातूची उचललेली कोर सापडते. रंगावर मात्र विसंबू नका. ताजे कोरकाम गंधकाने काळे करणे हा अगदी सोपा उद्योग आहे. खोबणीचा आकार आणि जमिनीची पातळी लपवणे त्याहून पुष्कळ अवघड असते.

दुसरे असे की झीज भेदभाव करत नाही. राजाचा गाल आणि शंभराचे चिन्ह झिजले असताना त्यांच्या शेजारचे, तितक्याच उंचीचे चिन्ह कोरे राहिले असेल, तर त्याला कारण हवे. ठसा तिरका बसल्याने एक बाजू उथळ उमटते हे खरे. पण त्यात उठाव टप्प्याटप्प्याने कमी होत जातो, मधलेच एक चिन्ह वेगळे पडत नाही.

नाण्यावर दोन छाप दिसले की लगेच फसवणूक असा अर्थही कोणी काढू नये. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. तेथे सातवाहनांच्या पर्वताखालून नहपानाचे नाक डोकावते. तो फेरफार राजाज्ञेचा आहे आणि त्यामुळेच ती नाणी मोलाची झाली आहेत.

विटेकर (विटा, जि. सांगली)

आमच्या घरचा व्यवसाय गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा, त्यामुळे करड्या ठिपक्याविषयी तेवढे लिहितो. हे भरलेले भोक असावे. अशी नाणी ताइतात किंवा माळेत ओवण्यासाठी पाडलेली भोके आमच्याकडे नेहमी दिसतात. भोक जुनेही असू शकते, भरणे मात्र बहुधा अलीकडचे. कडेकडून आणि दोन्ही बाजूंनी पाहा: डाग दिला (म्हणजे धातू वितळवून भोक बुजवले) असेल तर एका बाजूचा ठिपका दुसऱ्या बाजूच्या ठिपक्यासमोर तंतोतंत येतो, आणि सांध्यावर गोल रेघ किंवा सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात.

विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या कितीपट जड ते) काढा असा सल्ला पुष्कळ जण देतील. या नाण्यासाठी तो साध्या काट्यावर निरुपयोगी आहे. दोन ग्रॅम चांदीचे पाण्यातले वजन जेमतेम ०.२० ग्रॅमने घटते, काटा ०.०१ ग्रॅमने चुकला तरी उत्तर ९.८ पासून १०.८ पर्यंत कुठेही जाते, आणि शुद्ध चांदीचे १०.४९ त्याच पट्ट्यात पडते. तीन दशांश स्थळे दाखवणारा काटा असेल तरच हा खटाटोप करा.

त्यापेक्षा कस तपासणाऱ्या केंद्रातील एक्सआरएफ यंत्राखाली (क्ष-किरणांनी धातूंचे प्रमाण सांगणाऱ्या) ठिपका आणि नाण्याचा मधला भाग अशा दोन जागा तपासून घ्या. नाण्याला त्याने इजा होत नाही. ठिपक्यात कॅडमियम निघाले तर वादच मिटला, कारण हा धातू १८१७ पर्यंत कोणाला ठाऊकच नव्हता. नुसते जस्त वाढलेले दिसले तरी आधुनिक डागाचा संशय बळावतो. यंत्र फक्त वरचा थर वाचते आणि त्याचा झोत ठिपक्यापेक्षा मोठा असू शकतो, हे मात्र तपासणाऱ्याला आधीच विचारा. तेजाबाचा थेंब किंवा कसोटीवर घासणे नकोच. सराफाला ते स्पष्ट बजावून ठेवा.

अजिंक्यतारा (सातारा)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे आडव्या प्रकाशात पाहिले. दशकाच्या चिन्हाभोवती नखाच्या आकाराची एक उथळ खोलगट जागा आहे आणि तिच्यात ओरखडे एकाच दिशेने गेले आहेत. शंभराच्या चिन्हाभोवती तसे काहीही नाही. करडा ठिपका दोन्ही बाजूंना समोरासमोर आहे. यंत्राची तपासणी अजून व्हायची आहे. असे नाणे संग्रहात ठेवावे की परत करावे?

कृष्णाकाठ (कराड)

परत करायचे की नाही हे अदलाबदल कोणत्या बोलीवर झाली त्यावर ठरेल. ‘दुर्मीळ वर्ष’ म्हणून मोल घेतले असेल, तर आडव्या प्रकाशातली छायाचित्रे दाखवून त्या गृहस्थांशी बोलणे रास्त आहे. फेरफार त्यांच्याच हातचा असेल असे गृहीत धरू नका; त्यांनाही ते तसेच मिळालेले असू शकते. ठेवायचे झाल्यास पाकिटावर ‘रुद्रसेन दुसरा, भोक भरलेले, दशकाचे चिन्ह पुन्हा कोरलेले, वर्ष अग्राह्य’ असे स्वच्छ लिहा आणि पुढे कोणाला दिलेत तर पाकिटासह द्या. मागील बाजूचा लेख अस्सल दिसतो, त्यामुळे ब्राह्मी वाचनाच्या सरावासाठी ते उत्तमच आहे. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, म्हणून तपासणीला नेताना नाणे कापसाच्या दोन थरांमध्ये ठेवा, चिमट्यात दाबू नका.