‘युद्ध पुकारणे’ : गुन्ह्याचे नाव की युद्धाचे?

(तिघांचा संवाद; बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या वस्तीच्या नावाने.)

मंगळवार पेठ : दहशतवादी हल्ल्याच्या बातमीत ‘देशाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप’ हे शब्द ठरलेलेच असतात. युद्ध असेल तर पकडलेला माणूस युद्धकैदी ठरतो आणि आरोप असेल तर गुन्हेगार. मग हे दोन शब्द एका वाक्यात कसे नांदतात?

शाहूपुरी (वकील) : हा प्रयोग रणांगणावरचा नसून दंडसंहितेतला आहे. १८६० च्या संहितेतील कलम १२१, म्हणजेच आजच्या भारतीय न्याय संहितेतील कलम १४७, भारत सरकारविरुद्ध युद्ध करण्याला गुन्हा मानते. दहशतवादी कृत्यासाठी कलम ११३ वेगळे आहे. कलम १२१ मधील युद्ध म्हणजे दोन देशांच्या सैन्यांमधील युद्ध नव्हे, हे २००८ च्या मुंबई हल्ल्यातील कसाब प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेच आहे. उलट, १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये जो खरा युद्धकैदी ठरतो, त्याच्यावर केवळ लढल्याबद्दल खटला भरता येत नाही आणि लढाई थांबल्यावर त्याला मायदेशी सोडावे लागते. तो मान कसाबला द्यावा, असे येथे कोणालाही वाटत नसावे.

शिवाजी पेठ : तरीही समुद्रमार्गे शस्त्रे घेऊन आलेल्यांनी १६६ माणसे मारली, त्याला पाकीटमारीचाच शब्द लावायचा, हे मनाला पटत नाही. ‘गुन्हा’ फार तोकडा वाटतो.

शाहूपुरी : तोकडा वाटतो खरा, पण हल्लेखोराला नेमका मोठा शब्दच हवा असतो. उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र गटांच्या कैद्यांचा युद्धकैद्यांसारखा खास दर्जा ब्रिटिश सरकारने १९७६ पासून नव्या कैद्यांपुरता बंद केला, तेव्हा ‘आम्ही गुन्हेगार नाही’ असे म्हणत त्यांनी झगडा मांडला आणि १९८१ च्या उपोषणात दहा जणांनी प्राण दिले. अमेरिकेने २००१ नंतर युद्धाची भाषा स्वीकारली, पण ग्वांटानामो येथील आपल्या लष्करी तुरुंगातील कैद्यांना युद्धकैदी मानले नाही आणि त्यांतील बहुतेकांवर आरोपपत्रही ठेवले नाही. धड ना इकडचे, ना तिकडचे!

मंगळवार पेठ : मग ‘अतिरेक्यांना कंठस्नान’ या मथळ्याचे काय?

शाहूपुरी : ती पोवाड्याची भाषा आहे, बातमीत ‘चकमकीत ठार’ पुरेसे आहे. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत रायफलची नळी सोडली नाही, म्हणून एक हल्लेखोर जिवंत हाती लागला, आणि त्या क्षणापासून त्याच्यासाठी योग्य शब्द ‘आरोपी’ हाच होता. पुढची कोठडी, साक्षी, २०१० मधील शिक्षा आणि २०१२ मधील फाशी हे सारे त्या एका शब्दाच्या पोटातले आहे. सीमेपलीकडील तळांवर सैन्य जाते, तेव्हा ‘लष्करी कारवाई’ म्हणावे. तेथे फौजदारी शब्द चालत नाहीत.

शिवाजी पेठ : हे मान्य. ओंबळे यांच्यासाठी मात्र मी ‘धारातीर्थी पडले’ असेच लिहीन.

शाहूपुरी : अवश्य लिहावे, त्याला कोणतेही कलम आड येत नाही.