झेड४ लीजवर घ्यायची की विकत? (ग्रुप: आपली माणसं, शिरोली)

तात्याकाका: विक्रम, ऑफिसात तुझ्या नावानं पाकीट आलं होतं. अकाउंट्सनं उघडून माझ्या टेबलावर ठेवलं. कंपनीच्या नावानं गाडीचं लीज, ३६ महिने, खाली डायरेक्टर म्हणून माझ्या सहीला जागा. ह्यातलं मला कुणी काही सांगितलंय का?

तात्याकाका: फोन उचलत नाहीस म्हणून इथं लिहितोय.

बाळूकाका: कुठली गाडी रे?

तात्याकाका: दोन सीटची. टप उघडणारी.

बाळूकाका: मग पुढं मी आणि तात्या. विक्रमनं मागनं चालत यायचं 😀

ओंकार: बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय!!! तीन लिटर, सरळ सहा सिलिंडर, ३४० हॉर्सपॉवर, शंभरला साडेचार सेकंदात!!! दादा नाद खुळा

मंगलआत्या: आधी गावच्या घराचं बघा. यंदाच्या पावसात मागची पडवी पार गळली. वासा कुजलाय. फोटो टाकले होते, कुणी बघितले की नाही कोण जाणे.

विक्रम: तात्या, नमस्कार. फौंड्रीत मोल्डिंगवर होतो, फोन केबिनमध्ये राहिला. चोरून काही करत नाही. नुसतं कोटेशन मागवलं होतं, सहीचा कागद त्यांनी आपणहून जोडला. संध्याकाळी बोलणारच होतो.

केतकीवहिनी: ह्यांनी मला तरी कुठं सांगितलंय. टेस्ट ड्राइव्हचं स्टेटस बघून माझ्या माहेरहून फोन आला, 'पेढे कधी?'

विक्रम: केतकी, घरी बोलू.

केतकीवहिनी: घरी बोलायला घरी असावं लागतं.

बाळूकाका: 🍿

काकू: बाळूभाऊजी, तुम्ही गप बसा.

तात्याकाका: स्टेटस हा विषय नाही. युनियनबरोबर तीन वर्षांचा करार चाललाय. मागच्या बैठकीत माझ्या शेजारी बसून तूच म्हणालास ना, ऑर्डरी मंद आहेत, जरा दमानं घ्या? ती माणसं दिवाळीला गेटातनं ही गाडी आत येताना बघणार. पुढच्या बैठकीत मी कुठल्या तोंडानं बसू?

विक्रम: म्हणूनच लीज बघतोय, तात्या. कंपनीचे नव्वद लाख अडकत नाहीत. महिन्याला २ लाख १० हजार, जीएसटी धरून. विमा, सर्व्हिसिंग सगळं त्यात. तीन वर्षांनी किल्ली परत. भाडं पूर्ण खर्चात टाकता येतं. ताईला विचारा.

शुभाताई: ताईला आत्ता विचारतोयस होय?

शुभाताई: पुण्यात क्लायंटकडे आहे. तासाभरात हिशेब टाकते. तोवर कुणी सही करू नका.

समीर (म्युनिक): विकी, इकडं लीज करताना वर्षाचे किलोमीटर आधीच लिहून घेतात. जास्त झाले की दर किलोमीटरला पैसे. गाडी परत देताना तपासनीस येतो, रिमवरचे ओरखडे बोटानं चाचपून बघतो आणि एकेकाचं बिल लावतो. तुझ्या करारात किती किलोमीटर आहेत?

विक्रम: वर्षाला १५ हजार.

बाळूकाका: आणि किणी टोलच्या पुढं जे डायव्हर्जन आहे तिथं पोट घासलं, तर त्याचं बिल कुणाला?

विक्रम: सहापदरीकरण कायम राहणार आहे का काका.

बाळूकाका: तुझं लीज संपेल, कागल-सातारा संपणार नाही.

मंगलआत्या: सुतार म्हणाला, दिवाळीनंतर लगेच हात घातला तर वासा आणि कौलं मिळून १ लाख ८० हजार. नाहीतर पुढच्या पावसात भिंत येईल. गावच्या घराचं बघा.

ओंकार: दादा, दिवाळीत मला एक राउंड पाहिजे. रंकाळ्यापर्यंतच.

काकू: ओंकार, तुला अजून अठरा पूर्ण नाहीत. हे मी सगळ्यांसमोर लिहिते. कल्याणीनगरचा मे २०२४ चा अपघात कुणी विसरलेलं नाही. घरच्यांनी सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली दिली आणि रस्त्यावरचे दोन जीव गेले. ह्या घरात ती गाडी लीजची येऊ दे नाहीतर विकतची, ओंकारच्या हातात किल्ली जाणार नाही. विक्रम, मला शब्द दे.

विक्रम: काकू, शब्द. शेडमध्येसुद्धा नाही.

शुभाताई: बरोबर बोललात काकू. मोटार वाहन कायद्यातलं १९९अ कलम त्यासाठीच आहे. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

ओंकार: मी फक्त बाजूला बसणार होतो 😐

तात्याकाका: शुभा, हिशेब टाक.

शुभाताई: टाकते. थोडं लांब आहे, पण पूर्ण वाचा.

शुभाताई: आधी आरटीओचा कर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के, कंपनीच्या नावावर २० टक्के. नव्वद लाखांवर ११.७० विरुद्ध १८. तिथंच सव्वासहा लाखांचा फरक. लीजमध्ये गाडी लीज कंपनीच्या नावावर असते, म्हणजे २० टक्केच, आणि ते तुझ्या भाड्यातूनच वसूल होतात. काही लीजवाले बाहेरच्या राज्यात नोंदणी करून हे टाळतात. पण गाडी १२ महिन्यांच्या वर इथं राहिली की इथला कर भरून नंबर बदलावा लागतो.

बाळूकाका: एमएच ०९ सोडून दुसरा नंबर आपल्या दारात लागणार नाही.

शुभाताई: काका, एक मिनिट. जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के, आणि लीजच्या भाड्यालाही गाडीचाच दर. आपल्याला त्याचं क्रेडिट नाही, म्हणजे भरलेला जीएसटी वळता होत नाही. कलम १७(५), प्रवासी गाडीचं क्रेडिट अडवलेलं आहे. शोरूमवाला तुला 'इनपुट मिळेल' म्हणाला असेल तर ते डोक्यातून काढ.

विक्रम: तो तसंच म्हणाला होता.

शुभाताई: माहीत होतं. आता आयकर. आपली कंपनी २५.१७ टक्क्यांत बसते. लीज: ३६ महिन्यांचं भाडं ७५.६० लाख, त्यावर वाचणारा कर साधारण १९ लाख. निव्वळ खर्च साडेछप्पन लाख, आणि शेवटी हातात काही नाही. हीच गाडी कंपनीनं विकत घेतली तर घसारा वर्षाला १५ टक्के, तोही उतरत्या किमतीवर. ९० अधिक १८, म्हणजे १०८ लाखांवर तीन वर्षांत वाचणारा कर साडेदहा लाखांच्या आसपास. नुसती करबचत बघितली तर लीज पुढे. विक्रम इथवर चुकीचं बोलत नाही.

विक्रम: बघा.

शुभाताई: थांब. दोन सीटच्या टप उघडणाऱ्या गाडीला फौंड्रीचा खर्च म्हणून अधिकाऱ्यासमोर कसं मांडायचं? तिच्यात चाकणचा कस्टमर बसवलास तर तुझा मार्केटिंगचा माणूस कुठं बसणार? खासगी वापर तुझ्या पगारात परक्विझिट, म्हणजे कंपनीकडून मिळालेली सोय, म्हणून धरावा लागेल, त्यावर तुझा वैयक्तिक कर. उरलेल्यावर प्रश्न विचारले तर उत्तर द्यायला तात्या जाणार, तू नाही.

समीर (म्युनिक): इथं त्याचा नियम अगदी सरळ आहे. कंपनीची गाडी खासगी वापरलीस की दर महिन्याला छापील किमतीच्या १ टक्का रक्कम तुझ्या उत्पन्नात धरतात. त्यामुळं कुणी खोटं बोलायच्या भानगडीत पडत नाही.

शुभाताई: आता स्वतःच्या नावावर. ९० अधिक ११.७०, म्हणजे १०१.७०. वर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आधीच घेतो तो आयकर, तो रिटर्नमध्ये वळता होतो. विमा आणि सर्व्हिसिंगला तीन वर्षांचे १२ धरले. तीन वर्षांनी ५५ ला गेली तर खर्च ५८.७०. ५५ हा माझा अंदाज आहे, ४५ लाही जाईल. ७० लाख कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षं धरलं तर हप्ता १ लाख ४५ हजार, आणि व्याजाचे १७ लाख वेगळे. शिवाय हे पैसे तू आधी कर भरून घरी आणलेले. तीन वर्षांपुरतं बघायचं तर विकत घेणं महागच.

तात्याकाका: म्हणजे लीज करा म्हणतेस?

शुभाताई: नाही तात्या. तीन वर्षांत जो परत देणार आहे त्यानं लीज करावं, असं म्हणते. हा देणार नाही.

शुभाताई: आण्णांची पद्मिनी गाडी अजून मागच्या शेडमध्ये आहे. तिला कितीदा गिऱ्हाईक आलं, ह्यानं ताडपत्रीसुद्धा काढू दिली नाही. दर गुरुपुष्याला जाऊन बॅटरी लावतो, इंजिन चालू करून बाजूला उभा राहतो. असा माणूस ३६ महिन्यांनी झेड४ ची किल्ली तपासनिसाच्या हातात ठेवणार? शेवटच्या महिन्यात ठरलेली किंमत भरून तीच गाडी घेईल. म्हणजे आधी भाडं ७५ लाख आणि वर गाडीचे पैसे. हा हिशेब सगळ्यात वाईट.

केतकीवहिनी: ताई, अगदी खरं. आमच्याकडं टेपरेकॉर्डरसुद्धा जपून ठेवलाय.

समीर (म्युनिक): अजून एक. ही गाडी ग्राझला बनते, मॅग्ना स्टायरच्या कारखान्यात, टोयोटा सुप्राच्या बरोबर. बीएमडब्ल्यूनं ती बंद करायचं ठरवलंय. नंतर मिळणार नाही म्हणून तू घाई करतोस ते मला समजतं. पण नंतर मिळणार नाही अशी वस्तू परत द्यायच्या करारानं कशाला घ्यायची?

बाळूकाका: समीर, हे लाखातलं बोललास. दसऱ्याला दसरा चौकात महाराजांची मेबॅक निघते. तेव्हा लीजवर घेतली असती तर आपण चौकात कुणाला बघायला गेलो असतो?

विक्रम: 😄 काका, हे मात्र खरं.

विक्रम: खरं सांगतो. कर, भाडं हे सगळं मी घरी पटवायला गोळा केलं. मला ती गाडी पाहिजे. आण्णांनी मला कार्ब्युरेटर उघडायला शिकवला तेव्हापासून सहा सिलिंडरचं इंजिन डोक्यात आहे. एकदा आंब्याच्या घाटात टप उघडून पहाटे जायचंय. बाकी कुणाला दाखवायचं नाही.

काकू: मग असं आधी बोलायचं की बाळा.

मंगलआत्या: विक्रम, तुझी हौस व्हावी असं मलाही वाटतं. पण गावच्या घराचं बघा. आण्णांचा जन्म त्या पडवीत झाला.

विक्रम: आत्या, माझा आणि ताईचा वाटा आज पाठवतो. चार वाटे, ४५ हजारप्रमाणे. ताई, तू नंतर दे.

शुभाताई: ठीक.

तात्याकाका: माझेही ४५ पाठवले. बाळू?

बाळूकाका: मी म्हणतो, वासा बदलायची खरंच गरज आहे का, का नुसती कौलं चाळून चालेल?

मंगलआत्या: फोटो बघितले नाहीस ना तू. मला माहीतच होतं. आईच्या आजारपणातही असंच केलं होतंस.

बाळूकाका: ताई, तो विषय इथं नको.

मंगलआत्या: कुठं काढू मग? तू गावाला येतोस का?

काकू: ताई, बाळूभाऊजी, हात जोडते 🙏 सणासुदीचं नको. भाऊजी, पैसे पाठवा.

बाळूकाका: उद्यमनगरातलं एक पेमेंट अडकलंय. शुक्रवारी पाठवतो. आलं की ग्रुपवर टाकतो.

तात्याकाका: विक्रम, आता माझं ऐक. गाडी घ्यायला माझा विरोध नाही, कंपनीच्या नावाला आहे. दोनशे घरं त्या पगारावर चालतात. करारावर सह्या होऊ देत, बोनस वाटून होऊ दे. त्यानंतर तुझ्या नावावर, तुझ्या पैशानं घे. आणि ती गाडी फॅक्टरीच्या गेटातनं आत आणायची नाही. कामाला यायचं ते बोलेरोनं.

विक्रम: मान्य, तात्या.

केतकीवहिनी: मला मान्य नाही. हप्ता १ लाख ४५ हजार. मुलीच्या शिक्षणासाठी जे बाजूला ठेवायचं ठरलंय त्यातला एक रुपया हलवायचा नाही. त्यात बसत असेल तर बघा.

शुभाताई: केतकी बरोबर आहे. विकी, कर्ज ७० चं ४० वर आण. तुझे गोकुळ शिरगावच्या प्लॉटचे पैसे फेब्रुवारीत येणार आहेत ना? ते येईपर्यंत थांब. तोवर तीन-चार वर्षं वापरलेली, कमी फिरलेली मिळते का तेही बघ. पहिल्या मालकानं आरटीओ आणि पहिली घसरण सोसलेली असते. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास आणि विम्याचे क्लेम तपासल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

समीर (म्युनिक): आणि टप उघडून-मिटून दहा वेळा बघ. ती मोटर बिघडली तर रडशील.

ओंकार: मॅन्युअल मिळाली तर मॅन्युअलच घे दादा, प्लीज

केतकीवहिनी: मॅन्युअल असेल तर मीही चालवणार. लग्नाआधी वडिलांची जीप मीच चालवायचे, हे ह्यांना माहीत आहे.

विक्रम: मग आंब्याच्या घाटात जाताना तू, येताना मी.

विक्रम: तात्या, लीजवाल्याला आत्ता नाही म्हणून कळवलं. तुमच्या टेबलावरचा कागद फाडून टाका.

तात्याकाका: फाडला. उद्या ११ ला युनियनची बैठक आहे, वेळेवर ये. गेल्या दोन वर्षांच्या ऑर्डरींचा तक्ता घेऊन ये, खरे आकडे.

विक्रम: आणतो.